अप्पांचं जुनिपर

आंब्याचं कलम मेलं तर चार दिवसांत पानं लोंबतात. मिरचीचं रोप मेलं तर संध्याकाळपर्यंत कळतं. पण सरू, देवदार, जुनिपर या जातीची झाडं मेली तरी महिना-दीड महिना हिरवीच दिसतात. खाली मुळं कुजून गेलेली, आणि वर पाहावं तर बंगल्यावरच्या शिपायासारखी ताठ. म्हणून असलं झाड तांबडं पडलं की ‘काय झालं’ हे नंतर विचारायचं, आधी ‘कधी झालं’ ते शोधायचं. हे शहाणपण मला आज आहे. ज्या वर्षी त्याची गरज होती त्या वर्षी ते अर्धंच होतं.

परभणीच्या सरकारी रोपवाटिकेत मी तेहतीस वर्षं काढली. रोजंदारी माळी म्हणून लागलो, सहायक म्हणून निवृत्त झालो. मोसंबीला डोळा भरणं, आंब्याची कलमं बांधणं हे आमचं रोजचं काम. त्याशिवाय एक काम कुठल्याच कागदावर नव्हतं, ते म्हणजे लोकांची आजारी झाडं बघणं. दर बाजाराच्या दिवशी फाटकाशी कुणी ना कुणी फडक्यात फांदी गुंडाळून उभा असायचा.

वालूरचे एक सावकारी थाटाचे गृहस्थ तीनदा आले. लिंबाची पानं पिवळी पडतात, काही औषध द्या. तिसऱ्या वेळी मी सायकल काढून त्यांच्या मळ्यात गेलो. पाहतो तर लिंबाभोवती त्यांनी हौसेनं सिमेंटचा पार बांधलेला, आणि पारात मांडीपर्यंत माती भरलेली. म्हटलं, “मालक, तुमी बसायची सोय केली, पण झाडाच्या छातीवर बसलाव.” गंगाखेडच्या एक शिक्षिका गुलाब घेऊन आल्या. लाल फुलं येत होती, आता बारीक गुलाबी येतात, नक्की शेजारणीनं कुंडी बदलली असणार, असा त्यांचा संशय. कलमाच्या खालचा गावठी फुटवा जोरात वाढून वरचा गुलाब मरून गेला होता. शेजारीण निर्दोष आहे हे पटवायला मला झाड बरं करण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

अशी झाडं मी शेकड्यांनी पाहिली. त्यांतलं एकच सांगायचं म्हटलं तर मी अप्पांचं जुनिपर सांगेन.

बाहत्तरच्या दुष्काळानंतर तीन-चार वर्षांनी ही गोष्ट घडली. परभणीत तेव्हा डॉक्टर सुमतीबाई म्हणून एक बाई होत्या. स्वतःचं लहानसं प्रसूतिगृह, दहा खाटांचं. त्याच आवारात मागे त्यांचं घर. माझी बायको गया पहिलटकरीण असताना मूल आडवं आलं होतं. आमच्या गावातून, पोखर्णीच्या अलीकडून, बैलगाडीत घालून तिला आणलं तेव्हा सुईणीनं हात टेकले होते. बाईंनी दोघींना वाचवलं. तेव्हापासून त्यांच्या दारावरून जाताना मी सायकलवरून उतरून जायचो. कुणी सांगितलं नव्हतं.

एका सकाळी आमच्या अधीक्षक साहेबांनी मला बोलावलं. “साळवे, डॉक्टरीणबाईंचं कसलं तरी ताटलीतलं झाड वाळायलंय. बघून ये. आणि नीट बघ. तुझा कायम करायचा कागद माझ्या टेबलावर आहे, एवढं ध्यानात ठेव.”

साहेब वाईट नव्हते. त्यांची बोलायची पद्धतच तशी होती. पण सात वर्षं रोजंदारीवर काढलेल्या माणसाला असलं वाक्य घरापर्यंत पुरतं.

बाईंच्या घरापुढे ते झाड पाहिलं आणि मी जागीच उभा राहिलो. पसरट, चार बोटं खोल कुंडी. त्यात गुडघ्याएवढं झाड. पण खोड असं पिळवटलेलं, जुनं, की डोंगरावरचा एखादा म्हातारा वृक्ष लांबून पाहावा तसं वाटावं. पानं सुईसारखी नाहीत, खवल्यांसारखी एकावर एक बसलेली. बोन्साय हा शब्द मी ऐकून होतो, पाहत होतो पहिल्यांदा. आणि त्या झाडाच्या चार मोठ्या फांद्यांपैकी दोन शेंड्याकडून तांबूस पडत आलेल्या.

झाड बाईंचं नव्हतं, त्यांच्या वडिलांचं होतं. वडिलांना सगळे अप्पा म्हणत. ते जंगलखात्यात अधिकारी होते. तरुणपणी हिमालयात दौऱ्यावर असताना दरड कोसळलेल्या जागी खडकाच्या फटीतून त्यांनी हे झाड सोडवून आणलं होतं. पुढे नागपूर, चांदा, जिथं बदली झाली तिथं ते बरोबर. उन्हाळ्यात वाळ्याच्या पडद्याआड, हिवाळ्यात उघड्यावर, असं चाळीस वर्षं त्यांनी ते उष्ण मुलखात जगवलं. मग काचबिंदूनं त्यांचे डोळे गेले. दोन वर्षांपूर्वी लेक त्यांना परभणीला घेऊन आली. डोळे गेले तसा झाडाचा कारभार दुसऱ्यांच्या हाती गेला.

अप्पा तिथंच वेताच्या खुर्चीत बसलेले होते. गोरे, उंच, पांढऱ्या सदऱ्यातले. उजव्या हाताची बोटं फांदीवर ठेवलेली.

बाईंनी मला आवाराच्या कोपऱ्यात नेऊन हळू आवाजात सांगितलं, “साळवे, अप्पांना मी काही बोललेले नाही. दिवसभर त्या झाडाशेजारी बसतात. त्यांना कळता कामा नये.”

मी मान हलवली. मग चौकशी सुरू केली. पाणी कोण घालतं? बाई म्हणाल्या, मी सकाळी घालते. स्वयंपाक करणाऱ्या मावशी आतून म्हणाल्या, “दुपारी मी तांब्याभर घालते की, जीव पोळत असंल त्याचा.” कंपाउंडर खाजाभाई दारात उभे होते, ते म्हणाले, “शाम को मैं डालता हूँ. रोज. नागा नहीं.”

तिघंही प्रेमानं घालत होते. एकाचं दुसऱ्याला माहीत नव्हतं.

मी मातीत बोट घातलं. आमची परभणीची काळी माती. कापसाला सोनं, ज्वारीला सोनं, आणि कुंडीत विष. ओली झाली की लोण्यासारखी चिकट, वाळली की वीट. मागच्या पावसाळ्यात कुंडीतली जुनी माती वाहून गेली म्हणून मावशींनी हौसेनं शेतातली आणून भरली होती. वास घेतला तर आंबूस. खडकाच्या फटीत वाढलेलं झाड चिखलात उभं होतं.

मला वाटलं, सापडलं. आणि ते खरंही होतं, अर्धं.

निघणार तेवढ्यात, इतका वेळ कान देऊन बसलेल्या अप्पांनी विचारलं. “कोण आलंय? पावलं नवी आहेत.”

“मी साळवे, अप्पासाहेब. रोपवाटिकेतून आलोय.”

“माळी?”

“व्हय.”

“मग सांग, माझं झाड कसं दिसतंय?”

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी हात जोडल्यासारखे केले. गया आणि आमची लेक डोळ्यांसमोर आल्या. मी म्हणालो, “हिरवंगार हाय, अप्पासाहेब.”

अप्पांनी बोटं पुन्हा एकदा फांदीवरून फिरवली. मग एवढंच म्हणाले, “बरं.”

त्या ‘बरं’चा अर्थ मला तीन आठवड्यांनी कळला.

मार्चअखेरीला असल्या झाडाची मुळं मोकळी करायची नसतात. ऐन उन्हाळ्यात पोटाचं ऑपरेशन करून माणसाला शेतात पाठवण्यासारखं ते आहे. म्हणून मी वेगळी वाट काढली. गंगाखेडहून गोदावरीची भरड वाळू मागवली. भट्टीवरच्या फुटक्या विटा कुटून चाळून घेतल्या, बारीक पूड फेकून हरभऱ्याएवढे खडे ठेवले. पालापाचोळ्याचं जुनं खत मूठभर. मग झाड मातीच्या गड्ड्यासकट अलगद उचललं आणि एका रुंद टोपलीत या भरडीवर बसवलं, म्हणजे जादा पाणी खाली उतरेल आणि मुळांना हवा लागेल. खालच्या बाजूची काळी पडलेली मुळं बोटांनी ओढताच त्यांची साल मोज्यासारखी निसटत होती. तेवढीच कापली. वरची मुळं मात्र चांगली होती, टोकं पांढरी. त्यांच्यावर पांढऱ्या धाग्यांचं जाळं होतं. खाजाभाई म्हणाले, बुरशी आहे, धुऊन काढा. मी वास घेतला. पावसाळ्यातल्या अळंबीसारखा स्वच्छ वास. सडक्याचा वास मला ठाऊक होता, हा तो नव्हता. हात लावला नाही. पुढे अप्पांनी सांगितलं की डोंगरातल्या झाडांच्या मुळांची ती सोबतीण असते, तिच्यावाचून ती जगत नाहीत. तेवढं एक मी न शिकता बरोबर केलं, याचा मला अजून अभिमान आहे.

मग तिघांना एकत्र उभं करून सांगितलं, पाणी एकानंच घालायचं, तेही माती बोटाच्या पेरापर्यंत कोरडी झाल्यावर. झाड ऊन लागू नये म्हणून व्हरांड्याच्या आतल्या कोपऱ्यात ठेवलं. अप्पांची खुर्चीही तिकडे गेली. आणि मी छाती काढून सायकलवर बसलो.

इथं माझ्या बापाबद्दल दोन शब्द सांगतो. छप्पन साली धम्म घेतल्यावर त्यानं गावकीची कामं एका दिवसात सोडली. मेलेली ढोरं ओढणार नाही म्हणाला. त्यापायी दोन वर्षं आम्हाला गावात कुणी कामाला बोलावलं नाही. तो विहिरी खोदायला परगावी जायचा. मला एकच सांगायचा, “असं काम शीक, की त्येंनी तुला हाताला धरून घरात न्यावं.” मी कलमं शिकलो. डॉक्टरीणबाईंच्या घरात मी पुढच्या दारानं जात होतो, मावशी मला त्यांच्याच कपात चहा देत होत्या. त्यामुळे मला ते झाड नुसतं जगवायचं नव्हतं, जगवून दाखवायचं होतं. आणि दाखवायच्या नादात माणूस बघायचं विसरतो.

दर चार दिवसांनी मी जात होतो. माती बरी झाली होती, आंबूस वास गेला होता. तरी तांबडेपणा थांबेना. तिसऱ्या आठवड्यात तिसरी फांदी धरली. पण आता रंग वेगळा होता. आधी शेंडा तपकिरी व्हायचा, आता अख्खी फांदी राख भुरभुरल्यासारखी फिकट, धुरकट दिसत होती. मी म्हटलं, ऊन. परभणीचा एप्रिल. पारा चाळिशीपार गेलेला. झाड आणखी आत, आणखी कोरड्या जागी सरकवलं. अप्पा रोज विचारत नव्हते. एकदाच विचारून ते जणू मोकळे झाले होते.

साहेबांनी एक दिवस विचारलं, “काय साळवे, झाड?”

“उपचार चालू हाय साहेब.”

“उपचार चालू म्हणजे पेशंट वर गेला की काय?” ते हसले. मला हसू आलं नाही.

त्या गुरुवारी मी गेलो तेव्हा बाई अडलेल्या बाईजवळ आत होत्या. मावशी बाजारात. व्हरांड्यात अप्पा आणि मी. मी झाडासमोर उकिडवा बसलो आणि नखानं एकेका फांदीची साल जरा खरवडून पाहू लागलो. साल खरवडल्यावर आत हिरवं, ओलसर दिसलं तर जीव आहे. तपकिरी, कोरडं दिसलं तर नाही. डावीकडच्या खालच्या फांदीला मी तीन ठिकाणी खरवडलं. तिन्ही ठिकाणी कोरडं.

माझा श्वास अप्पांनी ऐकला असावा.

“साळवे,” ते म्हणाले, “झाड कसं दिसतंय?”

माझ्याच्यानं दुसऱ्यांदा खोटं बोलवेना. बाईंचा शब्द, साहेबांचा कागद, सगळं एका बाजूला राहिलं. मी म्हणालो, “अप्पासाहेब, तांबडं पडलंय. तीन फांद्या धरल्यात. एक तर गेली बहुतेक. मला कळंना झालंय काय करावं.”

“हं,” अप्पा म्हणाले. “ते मला होळीपासून माहीत आहे.”

मी नखातली साल झटकली आणि त्यांच्याकडे वळलो.

“अरे, चाळीस वर्षं हात फिरवलाय त्याच्यावर. जिवंत फांदी गार लागते, मेलेली लागत नाही. डोळे गेले, बोटं नाही गेली.”

“मग तुमी सांगितलं का न्हाई?”

“तू हिरवंगार म्हणालास. मी मनात म्हटलं, ज्याला खरं सांगायचं नाही त्याला पुढचं सांगून काय उपयोग. सुमीनं गप्प बसवलं असणार तुला. माझे डोळे सुधारतील म्हणूनही ती सहा महिने सांगत होती.” हे बोलताना त्यांच्या आवाजात राग नव्हता. “आता विचार. काय विचारायचं ते.”

मला लाज वाटली. तीन आठवडे मी मावशींना विचारलं, खाजाभाईंना विचारलं, बाईंना विचारलं. जो माणूस दिवसाचे आठ तास त्या झाडाला हात लावून बसत होता, त्याला एक प्रश्न विचारला नव्हता. त्याला दिसत नाही म्हणून.

“तुमच्या हाताला काय लागतंय, अप्पासाहेब?”

ते नीट बसले. “सकाळी पहिल्यांदा हात फिरवला की बोटांना कोळिष्टकासारखं लागतं. अगदी बारीक. पूर्वी कधी लागलं नाही. आणि फांदी चोळली की बोटांत भुकटी येते, धुळीसारखी. पण धूळ कोरडी असते. ही थोडी चिकट आहे.”

माझ्या डोक्यात लख्ख झालं. मी उठून बाईंच्या टेबलावरचा चिठ्ठी लिहायचा कोरा कागद आणला. फांदीखाली धरला आणि फांदीला दोन टिचक्या मारल्या. कागदावर बारीक ठिपके पडले, तिखटाच्या कणांएवढे. मी श्वास धरून थांबलो. धूळ असती तर पडून राहिली असती.

ठिपके चालू लागले.

“कोळी!” मी ओरडलोच. “लाल कोळी हाय, अप्पासाहेब!”

अप्पांचं जुनं भिंग कपाटात होतं. त्यातून पाहिलं तर आठ पायांचे, तांबडे, सुस्त. कागदावर बोट फिरवलं तर तांबडी रेघ उमटली. हे जीव पानांतला रस शोषतात, म्हणून पान राखेसारखं होतं. कोरडी, गरम, धुळीची जागा त्यांना लय मानवते. आणि मी झाड उचलून नेमकं तसल्याच जागी ठेवलं होतं, तीन आठवडे.

पण एवढे वाढले कसे? आमच्या वांग्याच्या वाफ्यात मी एक गोष्ट पाहिली होती. किडीसाठी डीडीटीची पावडर मारली की पंधरा दिवसांनी कोळी दुप्पट व्हायचा. पावडरीनं कोळी मरत नाही, कोळ्याला खाणारे बारीक किडे मात्र मरतात. मी खाजाभाईंना हाक मारली.

“खाजाभाई, हितं पावडर-बिवडर मारता का कुणी?”

“मैं मारता ना! हर इतवार,” ते अभिमानानं म्हणाले. “अप्पासाब बैठते, मच्छर काटते. झाडावर पण थोडी मारतो, कीड नको लागायला.”

मी काय ते समजावून सांगितलं. खाजाभाई पायरीवर बसले. “या अल्ला. मी तर खिदमत करत होतो.”

“तुमी एकटे न्हाई,” मी म्हणालो. “मी पण तेच करत होतो.”

एवढ्यात बाई आतून आल्या, हात पुसत. मुलगा झाला होता, दोघं सुखरूप. त्यांना झाडाखालचा कागद, पायरीवरचे खाजाभाई आणि हसणारे अप्पा एकदम दिसले.

“सुमे,” अप्पा म्हणाले, “या माणसानं मला सांगितलं. त्याला रागवू नकोस. आणि यापुढे माझं झाड आणि माझे डोळे, दोन्हींबद्दल मला खरं सांगत जा.”

बाई पुढे आल्या. अप्पांच्या खुर्चीजवळ खाली बसल्या. रोज दहा बायकांना धीर देणाऱ्या त्या बाई तशा बसलेल्या मी पहिल्यांदा पाहिल्या. मी कागद घेऊन आवारात गेलो, कोळी मोजायचं निमित्त करून.

औषधाच्या दुकानदारानं गंधक सांगितलं. गंधक कोळ्यावर चांगलं, पण ऐन उन्हाळ्यात फवारलं तर पानं भाजतात. मी माझे स्वतःचे गुलाब तसे भाजून बसलो होतो. म्हणून ठरवलं, फक्त पाणी. कोळ्याला पाण्याचा मारा सोसत नाही. पण मारा जोराचा, बारीक आणि पानांच्या खालून हवा. आमचा फवारा पंप त्या झाडासाठी म्हणजे चिमणीला तोफ.

तोड खाजाभाईंनीच काढली. दवाखान्यातली काचेची मोठी पिचकारी घेऊन आले. “ये देखो. सुई नको, नुसतं तोंड.”

मग आमची रीत बसली. सकाळी टोपली आडवी कलती करायची, मातीवर मेणकापड बांधायचं, म्हणजे धुण्याचं पाणी मुळांत जाणार नाही. मग खाजाभाई पिचकारीनं एकेक फांदी खालून वर धुणार आणि अप्पा बोटांनी तपासून सांगणार, “इथं राहिलं. अजून जाळं आहे. हं, आता गेलं.” दर तीन दिवसांनी हे करायचं, कारण पाण्यानं कोळी वाहून जातो, अंडी चिकटून राहतात, ती फुटली की पुन्हा. झाड कोपऱ्यातून काढून सकाळच्या उन्हाच्या बाजूला आणलं, भोवती ओली गोणपाटं बांधली. पावडर बंद. अप्पांसाठी मच्छरदाणी लावली.

मी दर वेळी कागद धरून टिचक्या मारायचो. पहिल्यांदा कागद तांबडा. मग तीस-चाळीस. मग दहा. मेच्या शेवटाला एका सकाळी कागद कोरा राहिला. खाजाभाईंनी तो घडी करून खिशात ठेवला, म्हणाले, घरी दाखवतो.

पण कोळी गेला म्हणजे झाड वाचलं असं नव्हे. गेलेलं पान परत हिरवं होत नाही. नवीन फुटलं तरच जिंकलं. जून आला, हवा ओलसर झाली, तरी फांद्या तशाच. बाई रोज काहीतरी घालू का विचारत. खत घालू? टॉनिक घालू? मी म्हणायचो, “बाई, तुमी बाळंतिणीला तिसऱ्या दिवशी पुरणपोळी देता का?”

“नाही.”

“मग थांबा.”

एवढ्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना मी थांबा म्हणायचो, आणि त्या थांबायच्या.

जूनच्या शेवटी एका दुपारी रोपवाटिकेत खाजाभाई सायकल फेकून धावत आले. “साळवे, चलो! अप्पासाब बुलाए!” मला वाटलं, गेलं. मी चपला न घालताच निघालो.

अप्पा उभे होते. माझा हात धरून त्यांनी वरच्या फांदीच्या शेंड्यावर ठेवला. “बघ. इथं.” मला काही दिसेना. वाकून, डोळे बारीक करून पाहिलं. तांबूस खवल्यांच्या मधून मोहरीएवढा पोपटी ठिपका वर आलेला. अप्पांच्या बोटांना तो दोन दिवस आधीच लागला होता. खात्री करून मग त्यांनी निरोप धाडला होता.

“मऊ आहे,” ते म्हणाले. “लहान पोराच्या कानासारखा.”

पंधरा दिवसांत तीन फांद्या फुटल्या. चौथी, डावीकडची खालची, गेली ती गेली. मी कात्री घेऊन आलो होतो, पण आधी बोलायचं होतं ते बोललो.

“अप्पासाहेब, ही फांदी माझ्यापायी गेली. पहिल्याच दिवशी खरं बोललो असतो तर तीन हप्ते वाचले असते.”

अप्पांनी ती फांदी चाचपली. “पहिल्या दिवशी मी रागानं गप्प बसलो नसतो तरी वाचले असते. अर्धी माझी.” मग म्हणाले, “कात्री ठेव. चाकू आण.”

मग त्यांनी मला ते शिकवलं जे परभणी जिल्ह्यात तेव्हा कुणाला येत नसावं. हिमालयात बर्फाच्या वाऱ्यानं जुनिपरच्या फांद्या मरतात, पण पडत नाहीत. साल झडते आणि लाकूड उन्हानं चांदीसारखं पांढरं होऊन शेकडो वर्षं जिवंत झाडावर राहतं. ते कापायचं नसतं. मी साल सोलत गेलो, अप्पा बोटानं सांगत गेले, इथं जिवंत साल सुरू होते, इथं थांब. डोळे असलेल्याचा चाकू चुकत होता, नसलेल्याचं बोट नाही.

त्याच वर्षी माझा कायमचा हुकूम आला. झाडामुळे की कसा, साहेबांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पण त्यानंतर आजारी झाड आलं की मी घरातल्या प्रत्येकाला विचारायचो, धुणंभांडी करणाऱ्या बाईलाही, तुमच्या हाताला काय लागतं. नव्या माळ्यांना ते नवल वाटायचं. निम्मे रोग मला त्या एका प्रश्नानं सापडले आहेत.

दोन वर्षांनी अप्पा झोपेतच गेले. पुढे बाईंनी प्रसूतिगृह दुसऱ्या डॉक्टरांकडे सोपवलं आणि त्या पाचगणीला भावाकडे राहायला गेल्या. तिथली हवा त्यांनाही मानवणार होती आणि झाडालाही. जाताना गाडीत त्यांनी झाड मांडीवर घेतलं होतं. खाजाभाई आणि मी स्टेशनवर होतो.

वर्षभरानं त्यांचं पत्र आलं. झाड इतकं दाट झालंय की छाटावं लागतं, असं लिहिलं होतं. खाली आणखी चार ओळी होत्या. घरी येणारे सगळे त्या पांढऱ्या फांदीपाशी थबकतात, म्हणे. झाडात तीच सर्वांत सुंदर दिसते. विचारतात, ही हिमालयातली का? “मी सांगते, नाही. बाकीचं झाड हिमालयातलं आहे. ही फांदी परभणीची.”

पत्र मी गयाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “चूक तुमची, आणि नाव गावाला व्हय!”